खर्जाचे मोल

माणसांप्रमाणे वाद्यांच्या नशिबीही कधी कधी वनवास येतो. १९७२ साली लंडनमध्ये एका मोटारगाडीतून एक बेस गिटार चोरीस गेली. ‘बीटल्स’ या जगद्विख्यात चमूतील पॉल मॅकार्टनी याची ती होती. १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुमारे ३० पौंड मोजून त्याने ती विकत घेतली होती. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तिचा ठावठिकाणा नव्हता. अखेर चिकाटीने शोध घेणाऱ्या मंडळींच्या श्रमांना यश आले, आणि इंग्लंडातील ससेक्स परगण्यात एका घराच्या माळ्यावर ती सापडल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. दुसरी हकीकत अमेरिकेतील. जॅको पास्टोरियस या विलक्षण वादकाची बेस गिटार १९८६ मध्ये न्यूयॉर्क शहरात नाहीशी झाली. पुढच्याच वर्षी तो वारला. गिटार मात्र वीस वर्षांनी त्याच शहरात प्रकट झाली. तिच्या मालकीविषयी तंटा पडला, आणि २०१० मध्ये रॉबर्ट त्रुहीयो या दुसऱ्या एका वादकाने पदरचे पैसे घालून तो मिटविला. तिसरी गिटार डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसन याची. ती १९८३ मध्ये गेली. तिची कहाणी क्रमाने पुढे येईल.

या तिन्ही गिटारींत एक गोष्ट समान आहे. त्या विकत घेतल्या गेल्या तेव्हा त्यांपैकी एकीलाही कोणी अमोल वाद्य म्हटले नसते. कारखान्यात एकीसारखी दुसरी तयार व्हावी आणि दुकानातून कोणीही उचलावी, अशा त्या होत्या. उलटपक्षी, न्यूयॉर्क वा कॅलिफोर्निया येथील नामांकित कारागिरांकडून मुद्दाम घडवून घेतलेल्या बेस गिटारीची किंमत आज दहा हजार डॉलरांच्याही पुढे जाते. दुर्मिळ लाकूड, निर्दोष जोडकाम, नाजूक विद्युत्‌रचना, यांत तिला तोड नसते. मग वाद्याचे मोल कशावरून ठरावे? नादावरून, हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून, की ते वाजविणाऱ्यावरून? ज्या क्रमाने हे वाद्य घडत गेले तो क्रम नीट पाहिला, तर या प्रश्नाचा उलगडा बराचसा होतो.

खर्ज हा संगीताचा पाया होय. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली नाही, तर वरच्या स्वरांना आधार मिळत नाही, हे आपल्याकडील कोणाही जाणत्या श्रोत्यास सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत हे काम शतकानुशतके ‘डबल बेस’ नामक धिप्पाड वाद्याकडे होते. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घाटाचे आणि पडदे नसलेले हे वाद्य उभे राहून वाजवावे लागते. नृत्यगृहांतून वाजविणाऱ्या फिरत्या कलावंतांना ते एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे म्हणजे संकटच होते. शिवाय १९३० नंतर साध्या गिटारीला विजेचे बळ मिळाले, ड्रम व पितळी वाद्ये यांचा गजर वाढला, आणि त्या कल्लोळात डबल बेसचा आवाज बुडून जाऊ लागला. पाया होता, पण तो ऐकू येईना.

या अडचणीवर पहिला विचारपूर्वक तोडगा काढला तो सिएटल येथील पॉल टटमार्क या संगीतशिक्षकाने. १९३६ च्या सुमारास त्याने भरीव लाकडाचे, पडदे बसविलेले, आडवे धरून वाजविता येईल असे विजेवर चालणारे बेस वाद्य बाजारात आणले. कल्पना अचूक होती, परंतु काळ अनुकूल नव्हता. फारच थोडी वाद्ये खपली आणि तो प्रयत्न विस्मृतीत गेला.

जे टटमार्कला साधले नाही ते १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन या लहानशा गावी लिओ फेंडर याला साधले. फेंडर हा मूळचा रेडिओदुरुस्तीचा धंदा करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. कदाचित त्यामुळेच परंपरेचे ओझे त्याच्या डोक्यावर नव्हते. त्याने फळीसारखे सपाट भरीव अंग घेतले, त्याला मेपल लाकडाची दांडी स्क्रूंनी जोडली आणि खुंट्यांकडील आडपट्टीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ३४ इंच ठेवली. डबल बेसच्या तारेहून ती बरीच आखूड, आणि साध्या गिटारीच्या तारेहून बरीच लांब. तारांखाली त्याने एक ‘पिकअप’ बसविला. पिकअप म्हणजे चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धकातून तोच प्रवाह नाद होऊन बाहेर पडतो.

दांडीवर पडदे असल्यामुळे स्वर बिनचूक लागे. म्हणून फेंडरने या वाद्याला ‘प्रिसिजन बेस’, म्हणजे बिनचूकपणाचा बेस, असे नाव दिले. लायनेल हॅम्प्टनच्या नामांकित जॅझ चमूत मंक मॉन्टगोमेरी याने १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच ते हाती घेतले. डबल बेसच्या अभिमान्यांनी नाके मुरडली, परंतु मागच्या रांगेतील श्रोत्यालाही आता खर्ज स्पष्ट ऐकू येऊ लागला होता.

येथे एक नियम दृष्टीस पडतो, आणि पुढील सर्व इतिहासात तो पुनःपुन्हा प्रत्ययास येतो. या वाद्यात जो जो गुण नव्याने आला, तो दुसरा एखादा गुण गहाण ठेवूनच आला. पडद्यांमुळे सुरेलपणा सुलभ झाला, पण एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची डबल बेसची मींड गेली. भरीव अंगामुळे आवाज हवा तितका वाढविता येऊ लागला, पण पोकळ लाकडाचा श्वास गेला. सतार आणि सरोद यांचा भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही देवघेव सहज उमगेल. एकीला पडदे आहेत, दुसऱ्याला नाहीत. म्हणून त्यांतले एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ ठरत नाही.

१९५७ मध्ये फेंडरने प्रिसिजनचा पिकअप बदलला. एका सलग वेटोळ्याऐवजी दोन तुकडे केले आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने जोडले. त्यामुळे विजेच्या दिव्यांची व यंत्रांची जी गुणगुण वाद्यात शिरत असे ती परस्पर रद्द झाली, आणि आवाजाला मध्यभागी एक दाटपणा आला. हाच तो नाद, ज्याची आजतागायत नक्कल होत आली आहे. १९६० मध्ये त्याने ‘जॅझ बेस’ ही दुसरी बहीण जन्मास घातली. तिच्यावर दोन पिकअप होते, एक दांडीच्या बाजूस व एक घोडीजवळ. घोडीजवळ उपस्वर अधिक जोमाने पकडले जातात, म्हणून तेथील नाद कडक व खणखणीत. दांडीकडे मूळ स्वराचे प्राबल्य, म्हणून तेथील नाद गोल व गंभीर. दोहोंचे प्रमाण हवे तसे मिसळण्याची सोय वादकाला मिळाली. स्पर्शाचाही भेद होता. आडपट्टीजवळ प्रिसिजनची दांडी सुमारे पावणेदोन इंच रुंद होती, तर जॅझची दीड इंच. एका पाव इंचाचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु चार तास वाजविणाऱ्या डाव्या हाताला तो प्रत्येक क्षणी जाणवतो.

युरोपात याच सुमारास वेगळा विचार चालू होता. जर्मनीतील होफ्नर या व्हायोलिनकारांच्या घराण्याने व्हायोलिनच्याच आकाराची, पोकळ अंगाची आणि अवघ्या ३० इंच लांबीच्या तारांची बेस गिटार १९५० नंतरच्या दशकात काढली. मॅकार्टनीची ती हीच. तो डावखुरा असल्याने दोन्ही अंगांनी सारखे दिसणारे वाद्य त्याला सोयीचे वाटले. आखूड तारेचे गणित सोपे आहे. तार तीच आणि स्वर तोच असेल, तर तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ३४ इंचांऐवजी ३० इंच लांबी घेतली, की ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. बोटांना तार मऊ लागते, झेप घेणे सोपे जाते आणि नाद भरीव पण किंचित धूसर होतो. मॅकार्टनीच्या बेसमध्ये जे गाणे ऐकू येते, त्यात या सैलपणाचा वाटा मोठा आहे.

आवाजाचा स्वभाव केवळ लाकडावर व चुंबकावर अवलंबून नसतो. आरंभीच्या बेस गिटारींना सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा असत. त्या हाताला गुळगुळीत लागत आणि त्यांचा नाद ठोस पण लवकर विरणारा असे. १९६६ मध्ये ‘द हू’ या चमूतील जॉन एन्टविसल याच्या साहाय्याने इंग्लंडातील रोटोसाउंड या तारा बनविणाऱ्या पेढीने गोल तार गुंडाळलेल्या बेसतारा सिद्ध केल्या. त्यांचा आवाज पियानोच्या खर्जासारखा झगझगीत आणि दीर्घकाळ टिकणारा. मात्र त्यांचा पृष्ठभाग खरबरीत असतो. बोट सरकले की ओरखडल्याचा आवाज येतो आणि पडदेही लवकर झिजतात. येथेही लाभाबरोबर तोटा आलाच.

१९६५ मध्ये फेंडरचा कारखाना ‘सी. बी. एस.’ या नभोवाणी कंपनीने १३ दशलक्ष डॉलरांस विकत घेतला. उत्पादन वाढले, पण काम पूर्वीच्या काळजीने होत नाही अशी तक्रार वादक करू लागले. याच असमाधानातून महागड्या बेस गिटारीचा जन्म झाला. कारखाना देत नाही ते आपण घडवू, असे म्हणणारे काही कारागीर पुढे आले.

त्यांतील अग्रणी म्हणजे १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात उभी राहिलेली ‘अलेंबिक’ ही संस्था. ‘ग्रेटफुल डेड’ या चमूच्या ध्वनियंत्रणेची निगा राखण्यासाठी जमलेल्या मंडळींतून ती निघाली. रॉन विकरशॅम हा विद्युत्‌तज्ज्ञ व रिक टर्नर हा वाद्यकार हे तिचे दोन आधारस्तंभ. त्यांची चिकित्सा अशी होती : साध्या पिकअपमध्ये हजारो फेरे गुंडाळलेले असतात, त्यामुळे लांब केबलमधून जाता जाता वरचे बारीक उपस्वर गळून पडतात. त्यांनी फेरे कमी केले. त्यामुळे अशक्त झालेला प्रवाह वाद्याच्या पोटातच, बॅटरीवर चालणाऱ्या एका लहान वर्धकाने, बळकट केला. दांडी स्क्रूंनी जोडण्याऐवजी निरनिराळ्या लाकडांच्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून ती अंगाच्या आरपार शेवटपर्यंत नेली. घोडी पितळेची केली. ‘जेफरसन एअरप्लेन’ चमूतील जॅक कॅसडी याच्या हाती त्यांची पहिली बेस गिटार गेली, आणि पुढे स्टॅन्ली क्लार्क याने तिला मागच्या रांगेतून काढून रंगमंचाच्या मध्यभागी आणून उभे केले.

अलेंबिकचा नाद स्वच्छ आरशासारखा आहे. मूळ स्वरापासून सूक्ष्म उपस्वरांपर्यंत सर्व काही त्यात उमटते. पण आरसा चेहऱ्यावरील डागही दाखवितो. बोटाचा नेम चुकला, तार वाजवी तेवढी दाबली गेली नाही, तर प्रिसिजनच्या दाट नादात ते झाकले जाते, अलेंबिकमध्ये जात नाही. शिवाय जड लाकूड व पितळ यांमुळे वाद्याचे ओझे खांद्याला जाणवते.

वाद्याच्या पोटातील वर्धकाची युक्ती सामान्य वादकापर्यंत पोहोचविली ती पुन्हा लिओ फेंडरनेच. आपला कारखाना विकल्यानंतर तो ‘म्युझिक मॅन’ या नव्या कंपनीत सामील झाला होता. तेथून १९७६ मध्ये ‘स्टिंगरे’ ही बेस गिटार निघाली : एकच मोठा, दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप, आणि आत बॅटरीचा वर्धक. त्या सुमारास वादनाची एक नवी तऱ्हा रूढ होत होती. लॅरी ग्रॅहम हा आपल्या आईच्या चमूत वाजवीत असे. ड्रमवादक उरला नाही तेव्हा त्याने अंगठ्याने तार ठोकून व बोटाने ओढून सोडून ताल व खर्ज दोन्ही एकट्याने सांभाळले. गरजेपोटी जन्मलेली ही रीत लवकरच फॅशन ठरली, आणि तिच्या तडफदार आघातांना स्टिंगरेचा करकरीत नाद फार मानवला.

कारागिरांचा पुढील रोख लाकडाच्याच दोषांवर होता. बहुतेक लाकडी बेस गिटारींवर, विशेषतः सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर विझतो. कारण असे, की दांडीलाही तिची स्वतःची कंपनसंख्या असते. वाजविलेल्या स्वराशी ती जुळली, की अनुनादाने दांडी हलू लागते आणि तारेची शक्ती पिऊन टाकते. नेड स्टाइनबर्गर या रचनाकाराने १९८० च्या सुमारास यावर निर्णायक घाव घातला. त्याने लाकूडच टाकून दिले. कार्बनतंतू व राळ यांच्या मिश्रणाचे अंग व दांडी केली, खुंट्या घोडीच्या मागे नेल्या आणि वाद्याचे डोके छाटून टाकले. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९८१ मधील उत्कृष्ट रचनांत त्याची गणना केली. त्यावर स्वर सम निघतो, हवापाण्याने दांडी वाकत नाही आणि वजनही आटोपशीर राहते. तथापि अनेक वादकांची तक्रार अशी, की या निर्दोष समतेत वाद्याचा स्वतःचा स्वभाव हरपतो. प्रत्येक लाकडी वाद्य कोठे तरी किंचित रुसते, आणि त्या रुसव्याशी वादकाचा हात जुळवून घेत असतो.

या सुधारणांच्या काळातच पास्टोरियस उलट दिशेने गेला. त्याच्याजवळ १९६२ ची जुनी जॅझ बेस होती. तिचे पडदे काढलेले, रिकाम्या खाचा बुजविलेल्या, आणि गोल गुंडाळलेल्या तारांनी लाकूड खरवडले जाऊ नये म्हणून दांडीवर होडीला लावतात तसला कठीण लेप दिलेला. १९५१ मध्ये बिनचूकपणासाठी जी मींड गहाण पडली होती, ती त्याने अशा रीतीने सोडवून आणली. १९७६ मध्ये त्याची स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि बेस गिटार गाऊ शकते याविषयी कोणाला शंका उरली नाही. हा नाद कोणत्याही महागड्या कार्यशाळेतून आलेला नव्हता. मात्र सुरेलपणाची सर्व जबाबदारी पुन्हा बोटांवर आली. पडद्यांचा आधार सोडण्याची किंमत त्याने रियाजाने मोजली.

न्यूयॉर्कमधील कारागिरांनी दोन निराळ्या वाटा धरल्या. रॉजर सॅडोस्की याने १९७९ मध्ये दुकान थाटले. दिवसातून तीन तीन ठिकाणी ध्वनिमुद्रणास जाणाऱ्या वादकांना एकच विश्वासू वाद्य हवे असते, हे त्याने हेरले. फेंडरचा घाट मोडावयाचा नाही, त्याचे दोष तेवढे काढावयाचे, हे त्याचे धोरण. मार्कस मिलर याच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये वर्धक बसविण्याचे काम त्याच्याच दुकानात झाले, आणि मिलरचा तो नाद पुढे असंख्य वादकांचे ध्येय होऊन बसला. गंमत अशी, की १९७७ हे साल जुन्या फेंडर गिटारींचे संग्राहक ज्या कालखंडाला नावे ठेवतात त्यातलेच आहे.

दुसरी वाट अँथनी जॅक्सन या वादकाने दाखविली. बेस गिटार ही गिटारकुळातीलच असेल तर तिला चारच तारा का असाव्यात, असा त्याचा सवाल होता. १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्याला सहा तारांचे वाद्य करून दिले. एक तार खाली वाढविली, एक वर. सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ३१ वेळा कंप पावते, तर साध्या बेस गिटारीची खालची तार सुमारे ४१ वेळा. पण इतकी जाड तार ३४ इंचांत ढिली पडते व तिचा स्वर गढूळ होतो. ब्रुकलिन येथे १९८३ मध्ये व्हिनी फोडेरा व जोई लॉरिसेला यांनी स्थापिलेल्या ‘फोडेरा’ कार्यशाळेने पुढे जॅक्सनसाठी ३६ इंच लांबीचे वाद्य घडविले. दोन इंचांच्या या वाढीने ताण सुमारे १२ टक्के चढतो आणि खालचा स्वर तळ्याच्या तळासारखा स्पष्ट दिसू लागतो. मोबदल्यात हात अधिक ताणावा लागतो, आणि दांडी इतकी रुंद होते की नवख्याला ती फळीच वाटते.

एवढा प्रवास पाहिल्यावर या उंची वाद्यांची तुलना कशी करावी? पहिली गोष्ट अशी, की पैसा फुकट जात नाही. समता, विस्तार, निःशब्द विद्युत्‌रचना, हाताला न थकविणारी घडण, हे गुण खरे आहेत आणि ते कष्टाने साधलेले आहेत. रोज आठ तास वाजविणाऱ्याला ते चैनीचे वाटत नाहीत. दुसरी गोष्ट अशी, की दुकानात एकट्याने वाजविताना जे वाद्य सर्वांत संपन्न वाटते, तेच वाद्यवृंदात सर्वांत उपयोगी पडेल असे नाही. तळापासून शेंड्यापर्यंत सर्व काही देणारा नाद ड्रम, पियानो व गायक यांच्या जागेवर अतिक्रमण करतो. प्रिसिजनचा मर्यादित, मध्यावर दाट झालेला नाद मात्र आपली जागा धरून बसतो. ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ वर्षानुवर्षे तिचीच मागणी का करतात, त्याचे मर्म यात आहे.

तिसरी गोष्ट मानवी कानाची. लहानशा रेडिओच्या कर्ण्याला सेकंदास ४१ कंपनांचा मूळ स्वर धडपणे काढताच येत नाही. तरीही श्रोत्याला खर्ज ऐकू येतो, कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे जो खर्ज कानांना जाणवतो, त्याचा काही भाग वाद्यातून येतच नाही. तो श्रोता घडवितो. त्याला आवश्यक तो इशारा देणे, एवढेच वादकाच्या हाती असते.

हा इशारा जेम्स जेमरसन इतक्या अचूकपणे क्वचितच कोणी दिला असेल. दक्षिण कॅरोलायनात जन्मलेला हा कृष्णवर्णीय वादक मूळचा डबल बेस वाजविणारा. १९५४ मध्ये तो डेट्रॉइटला आला, आणि पुढे तेथील ‘मोटाउन’ कंपनीच्या लहानशा तळघरवजा ध्वनिमुद्रणगृहात त्याने अक्षरशः शेकडो गीतांना पाया दिला. त्याची गिटार १९६२ ची साधी प्रिसिजन. तिच्यावर सपाट गुंडाळणीच्या जाड तारा, आणि तुटल्याखेरीज त्या बदलावयाच्या नाहीत असा त्याचा शिरस्ता. तारा दांडीपासून इतक्या उंच, की इतरांना ती वाजविणे अवघड जाई. घोडीजवळ स्वर विझविणारा स्पंजाचा तुकडा. उजव्या हाताचे एकच बोट, तर्जनी, डबल बेसवर वापरावी तसे. स्पर्शाच्या आधुनिक कसोटीवर हे वाद्य पहिल्या फेरीतच बाद झाले असते. आणि तरी त्या एका बोटातून निघालेल्या ओळी इतक्या चपळ, इतक्या बोलक्या आहेत, की आजही बेस शिकणारा प्रत्येक विद्यार्थी त्या गिरवितो.

ज्यांच्या बळावर ही गीते जगभर गेली, त्या वादकांची नावे ध्वनिमुद्रिकांवर छापली जात नसत. मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेवर जेमरसनचे नाव आले, तोवर त्याची उमेदीची वर्षे मागे पडली होती. १९७२ मध्ये कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलविला. जेमरसनही तेथे गेला, पण त्याचा जम पुन्हा बसला नाही. मद्याने शरीर पोखरले. १९८३ च्या ऑगस्टमध्ये त्याचे निधन झाले, आणि त्याच्या आधी काही दिवसच ती प्रिसिजन चोरीस गेली. सन्मान आले ते मागाहून. २००० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला.

सहा तारांचे, ३६ इंचांचे, अतिशय खर्चिक वाद्य घडवून घेणारा अँथनी जॅक्सन आपल्या गुरुस्थानी ज्या तिघांची नावे घेत असे, त्यांत फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेस्सियाँ होता, अलेंबिकची पहिली बेस हाती घेणारा जॅक कॅसडी होता, आणि जेमरसन होता. यात विसंगती मुळीच नाही. जेमरसनच्या ओळींत जॅक्सनने जे ऐकले, ते आपल्या परीने पुढे नेण्यासाठी त्याला अधिक तारा हव्या होत्या. त्या त्याने मिळविल्या. जेमरसनला त्या नको होत्या, कारण त्याला म्हणावयाचे ते चार तारांत मावत होते. उंची वाद्य आणि साधे वाद्य यांचा निवाडा या पातळीवर येऊन थांबतो. आपल्याला काय वाजवावयाचे आहे हे ज्याला कळले आहे, त्याच्यापुरती ती तुलना पुरी होते. ज्याला कळलेले नाही, त्याला दहा हजार डॉलरांतही ती पुरी करता येत नाही.

मॅकार्टनीची गिटार सापडली, पास्टोरियसची सापडली. जेमरसनच्या गिटारीचा मात्र थांग लागलेला नाही. अमेरिकेतील एखाद्या घराच्या कोठीत, कपड्यांच्या ढिगाखाली, ती पडलेली असेलही. उद्या ती कोणाच्या हाती लागलीच, तर त्याने एवढे पथ्य अवश्य पाळावे. तिची धूळ पुसावी, दांडी तपासावी, पण तिच्यावर चढविलेल्या जुन्या तारा बदलू नयेत.